सीझनच्या आधी ऑफिसच्या क्लाउडमधल्या परवानग्या कशा आवरायच्या

हे लिहितोय ते गोव्यातल्या छोट्या-मध्यम ऑफिसांसाठी. म्हणजे हॉटेल, गेस्ट हाउस, टूर ऑपरेटर, सीएचं ऑफिस, वेर्णा नाहीतर कुंडईतलं एखादं लहान युनिट, जिथे वेगळी आयटी टीम नसते, कॉम्प्युटर बघणारा एक माणूस असतो किंवा तोही बाहेरचा व्हेंडर असतो, आणि मेल, फाइली, बुकिंग, हिशेब हे सगळं एव्हाना गूगल वर्कस्पेस नाहीतर मायक्रोसॉफ्ट ३६५ वर गेलेलं असतं. डेटा चढवला, सगळ्यांना लॉगिन दिले, काम सुरू झालं, पण कुणाला काय दिसायला हवं हे बसून कुणी ठरवलंच नाही. ते आता ठरवूया.

यासाठी सगळ्यात चांगला वेळ म्हणजे पावसाळा, चवथीच्या आधीचे आठवडे. गिऱ्हाईक कमी असतं, आणि ऑक्टोबरात सीझनचा स्टाफ भरायला लागला की मग कुणाकडे वेळ नसतो, नवीन पोरगा आला की जुन्याचाच पासवर्ड त्याला सांगितला जातो.

झिरो ट्रस्ट हा शब्द हल्ली प्रत्येक व्हेंडरच्या तोंडी आहे. फॉरेस्टर रिसर्च या संशोधन कंपनीच्या जॉन किंडरवॅग यांनी तो २०१० मध्ये पुढे आणला, त्याच सुमारास गूगलवर मोठा सायबर हल्ला उघडकीला आला होता आणि त्यानंतर गूगलने ऑफिसच्या नेटवर्कमध्ये बसलेल्या माणसालाही बाहेरच्यासारखंच तपासायचं असं ठरवून आपली सगळी व्यवस्था बदलली. पुढे एनआयएसटी या अमेरिकेच्या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये ८००-२०७ नावाचं पत्रक काढून या सगळ्याची रीतसर मांडणी केली. आपल्याला त्यातलं लागतं ते एवढंच की ऑफिसच्या वायफायवर आहे म्हणून आपला, असं धरायचं नाही. कोण आहे, कुठल्या डिव्हाइसवरून येतोय, त्याला नेमकं काय हवंय हे प्रत्येक वेळी बघायचं आणि कामापुरतंच उघडायचं. तसंही आपल्याकडे अकाउंटंट फोंड्याहून घरून काम करतो, मालक परदेशात असतो, सेल्सवाली मुलगी कॅफेच्या वायफायवर बसून कोटेशन पाठवते, तर ऑफिसच्या चार भिंतींच्या आत म्हणजे सुरक्षित याला अर्थच राहिलेला नाही. कुणी महागडा बॉक्स विकायला आला तर त्याला थांबवा आणि आधी खालचं सगळं करा, यातलं बहुतेक तुम्ही पैसे भरताय त्याच प्लानमध्ये होतं.

आधी एक यादी

एक शीट उघडा. त्यात माणूस, सिस्टम, अधिकार, कुठल्या कामासाठी, आणि कोणी दिला, एवढेच रकाने. सिस्टममध्ये फक्त मेल आणि ड्राइव्ह लिहून थांबू नका. हॉटेलचं बुकिंग सॉफ्टवेअर, ऑनलाइन पोर्टलांचे एक्स्ट्रानेट (म्हणजे पोर्टलवरचं हॉटेलवाल्यांसाठीचं लॉगिन), टॅली, जीएसटी पोर्टल, नेट बँकिंग, व्हॉट्सॲप बिझनेस, सीसीटीव्हीचं ॲप, गूगल मॅपवरची बिझनेस प्रोफाइल, वेबसाइटचं डोमेन, सगळं लिहा. डोमेनचं तर नक्की तपासा, कारण कितीतरी ठिकाणी डोमेन व्हेंडरने स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या मेल आयडीवर घेतलेलं असतं, आणि ज्याच्या हातात डोमेन त्याच्या हातात तुमची सगळी मेल. भांडण व्हायच्या आधी ते कंपनीच्या नावावर करून घ्या.

'कुठल्या कामासाठी' हा रकाना भरताना अडकायला होतं, आणि जिथे अडकलात तिथेच खरी अडचण असते. 'आधीपासून आहे', 'सरांनी सांगितलं होतं', 'कधीतरी लागतं', अशी उत्तरं आली की त्या ओळीला पिवळा रंग द्या आणि पुढे जा. पहिल्याच दिवशी काही काढायला जाऊ नका.

कॉमन लॉगिन मोडा, याच्याशिवाय पुढचं काहीच होत नाही

रिसेप्शनवर एक पीसी, त्यात 'फ्रंटऑफिस' नावाचा एकच मेल आयडी कायम उघडा, तिन्ही शिफ्टचे लोक तोच वापरतात, पासवर्ड मॉनिटरच्या खाली चिकटवलेला. हे दृश्य मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता गेल्या गेल्या आधी मॉनिटरच्या खालीच बघतो.

बागा पट्ट्यातल्या एका हॉटेलात काय झालं ते सांगतो. बुकिंग पोर्टलवर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्याचा रेट कुणीतरी बदलला, ४,५०० च्या जागी ४५० पडले आणि सकाळपर्यंत रूम भरून गेल्या. लॉग काढला तर बदल रात्री साडेअकराचा, पण नावाच्या जागी फक्त 'फ्रंटऑफिस'. त्या वेळी तोच आयडी रिसेप्शनवर उघडा होता, मॅनेजरच्या घरच्या लॅपटॉपवर होता, अकाउंट्सच्या पीसीवर होता आणि मालकाच्या मोबाइलवरही होता. पण नाव आलं रात्रपाळीच्या वाळपईच्या पोरावर, कारण तो नवीन होता आणि त्या रात्री ड्युटीवर होता. 'सर, मी त्या स्क्रीनवर गेलोच नव्हतो,' एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता आणि ते दाखवायला त्याच्याकडे काहीच नव्हतं. मला तेव्हापासून हे मनापासून पटलंय की प्रत्येकाला स्वतःचा आयडी देणं ही मालकाच्या सोयीची गोष्ट आहेच, पण त्याहून जास्त ती सगळ्यात खालच्या माणसाच्या हक्काची गोष्ट आहे. स्टाफला समजावताना हेच सांगा. 'तुमच्यावर नजर ठेवायला' असं त्यांना वाटतं, त्यांना सांगा की उद्या काही झालं तर तू केलं नाहीस हे तुझा आयडीच सांगेल.

आता हे करायचं कसं. मालक लगेच विचारतो, माणसागणिक लायसन म्हणजे खर्च किती? तर मायक्रोसॉफ्टमध्ये 'शेअर्ड मेलबॉक्स' बनवा, ५० जीबीपर्यंत त्याला वेगळं लायसन लागत नाही, त्या मेलबॉक्सचं थेट साइन-इन ब्लॉक ठेवायचं आणि ज्यांना लागतो ते आपल्या आपल्या आयडीने आत येऊन तो उघडतात, मेल मात्र फ्रंटऑफिसच्याच पत्त्यावरून जाते. ज्यांना फार काही लागत नाही अशा फ्लोअरवरच्या स्टाफसाठी एफ३ नावाचं स्वस्त लायसन आहे, त्यात २ जीबीची मेलबॉक्स मिळते. गूगलमध्ये त्याच पत्त्याचा 'ग्रुप' बनवून त्याला कोलॅबरेटिव्ह इनबॉक्स करा, ग्रुपला लायसन लागत नाही, आणि कुठली मेल कोणी घेतली हेही दिसतं. किंवा जुनी मेलबॉक्स तशीच ठेवायची असेल तर ॲडमिन कन्सोलमधून मेल डेलिगेशन चालू करा, म्हणजे पासवर्ड न सांगता दुसऱ्याला ती मेल वाचता-पाठवता येते. ज्यांना मेल लागतच नाही, फक्त फाइली बघायच्यात, त्यांच्यासाठी गूगलची फुकटातली क्लाउड आयडेंटिटी आहे.

पोर्टलांचंही तसंच. बुकिंग डॉट कॉमच्या एक्स्ट्रानेटमध्ये मुख्य युजर बाकीच्यांना वेगवेगळे युजर बनवून देऊ शकतो आणि कुणाला रेट बदलता येईल, कुणाला फक्त बुकिंग दिसेल हे ठरवू शकतो. रात्रपाळीला रेट बदलायचा अधिकार द्यायची गरज काय? नाही ना, मग नका देऊ.

दुसरा पुरावा

म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक तपासणी. आधी ॲडमिन आयडींना, मग अकाउंट्सला, मग सगळ्यांना. मायक्रोसॉफ्टमध्ये 'सिक्युरिटी डिफॉल्ट्स' नावाचं एक बटण आहे, फुकट आहे, बाकी काही जमत नसेल तर तेवढं चालू करा. गूगलमध्ये सिक्युरिटीत जाऊन टू-स्टेप सक्तीची करता येते, फक्त नव्या माणसाला नोंदणीसाठी थोड्या दिवसांची सवलत ठेवा नाहीतर तो पहिल्याच दिवशी बाहेर अडकतो.

एसएमएसचा ओटीपी काहीच नसण्यापेक्षा बरा, पण सिम स्वॅप करून, म्हणजे तुमच्या नंबरचं दुसरं सिम फसवून काढून, तो पळवता येतो. ऑथेंटिकेटर ॲपचा सहा आकडी कोड जास्त बरा, आणि आपल्याकडचा फायदा म्हणजे त्याला नेटवर्क लागत नाही, जुलैत लाइट गेली, टॉवर गेला तरी कोड येतोच. सगळ्यात पक्कं म्हणजे पासकी (फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये साठवलेली डिजिटल चावी) किंवा सिक्युरिटी की (कॉम्प्युटरला लावायची छोटी चावी), कारण ती खोट्या साइटवर चालतच नाही. रिसेप्शनवर मोबाइलला बंदी असेल तिथेही ही सिक्युरिटी की कामाला येते.

'आर यू ट्रायिंग टू साइन इन?' असं विचारणाऱ्या नोटिफिकेशनबद्दल स्टाफला एकदा नीट बसवून सांगा. सप्टेंबर २०२२ मध्ये उबरमध्ये हॅकर शिरला तो असाच, एका काँट्रॅक्टरचा पासवर्ड हाती लागला होता, त्याच्या फोनवर मंजुरीच्या विनंत्या येत राहिल्या आणि शेवटी त्याने एक मंजूर केली. म्हणून मायक्रोसॉफ्टने २०२३ पासून स्क्रीनवरचा आकडा फोनवर टाकायला लावायला सुरुवात केली. आपण लॉगिन करत नसताना नोटिफिकेशन आलं तर नकार द्यायचा आणि लगेच फोन करून सांगायचं, रात्री दोन वाजले असतील तरी, आणि सांगणाऱ्याला कुणी ओरडायचं नाही.

हॉटेलवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवा. बुकिंग पोर्टलच्या नावाने गेस्टची तक्रार आलीय, रिव्ह्यू आलाय अशा मेल येतात, लिंक उघडली की खोटा कॅप्चा येतो आणि तो विंडोजचं बटण आणि आर दाबून काहीतरी पेस्ट करायला सांगतो. मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये हॉटेल क्षेत्रावर चाललेल्या अशा मोहिमेची माहिती दिली होती. अशी पेस्ट केलेली कमांड पासवर्ड चोरणारा प्रोग्राम उतरवते. कुठलाही खरा कॅप्चा असं काही सांगत नाही, हे वाक्य प्रिंट काढून रिसेप्शनच्या आत लावा.

सुपर ॲडमिन, म्हणजे सगळे अधिकार असलेले आयडी, दोन. एक नको, कारण तो माणूस आजारी पडला की सगळं अडतं, आणि पाचही नकोत. ॲडमिनचा आयडी रोजच्या मेलसाठी वापरायचा नाही, वेगळा ठेवायचा. व्हेंडरला पासवर्ड रीसेट करायला सुपर ॲडमिन लागत नाही, त्यासाठी छोटे रोल आहेत, तेच द्या. बॅकअप कोड, म्हणजे फोन हरवला तर आत यायला आधीच काढून ठेवलेले कोड, बंद पाकिटात तिजोरीत.

माणसाला नाही, कामाला परवानगी द्या

फाइल शेअर करताना माणसाचं नाव टाकायची सवय मोडा. ग्रुप बनवा: फ्रंट ऑफिस, अकाउंट्स, हाउसकीपिंग, मेंटेनन्स, सेल्स. फोल्डर ग्रुपला द्या, माणूस ग्रुपमध्ये टाका. तो अकाउंट्समध्ये गेला की जुन्या ग्रुपमधून काढा, नव्यात घाला, झालं. नाहीतर काय होतं, माणूस रिसेप्शनवरून सेल्सला जातो, सेल्समधून अकाउंट्सला, प्रत्येक ठिकाणचे अधिकार मिळत जातात आणि एकही सुटत नाही, आणि काही वर्षांनी त्याला मालकापेक्षा जास्त दिसतं.

टीमच्या फाइली कुणाच्या 'माय ड्राइव्ह'मध्ये ठेवू नका. गूगलच्या बिझनेस स्टँडर्ड आणि वरच्या प्लानमध्ये शेअर्ड ड्राइव्ह मिळतात, त्यातली फाइल माणसाच्या नाही, कंपनीच्या मालकीची असते. तिथे 'काँट्रिब्यूटर' हा रोल बहुतेकांना पुरतो, त्याला फाइल टाकता आणि बदलता येते पण उडवता किंवा हलवता येत नाही. उडवायचे अधिकार 'कंटेंट मॅनेजर'ला, तो प्रत्येक विभागात एखादाच ठेवा.

पासपोर्टचे फोटो आणि ती लिंक

यावर मी जरा जास्त लिहिणार, कारण गोव्यात ही सगळ्यात मोठी जोखीम आहे आणि ती कुणाच्या डोळ्यांना दिसत नाही. परदेशी गेस्ट आला की त्याची माहिती सरकारला कळवायचा फॉर्म (ज्याला सगळे सी फॉर्म म्हणत आलेत) भरायला पासपोर्ट आणि व्हिसाची कॉपी घ्यावी लागते, देशी गेस्टचं आधार नाहीतर लायसन घेतलं जातं. ते स्कॅन एका फोल्डरमध्ये जातात. कधीतरी घाईत कुणीतरी ते फोल्डर 'एनिवन विथ द लिंक' करून लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतं, कारण मॅनेजरच्या मोबाइलवर उघडत नव्हतं. मग ते तसंच राहतं. वर्षावर्षाचे पासपोर्ट त्यात साठत जातात, आणि ज्याच्याकडे लिंक आहे त्याला, नोकरी सोडून गेलेल्यालाही, लॉगिन न करता ते दिसतात.

आज करा: ते फोल्डर उघडा, शेअर दाबा, खाली 'जनरल ॲक्सेस' लिहिलेलं असतं तिथे 'रिस्ट्रिक्टेड' करा. मग वर ज्यांची नावं आहेत ती वाचा, एकेक करून, आणि अनोळखी किंवा खासगी जीमेल दिसली की काढा. हे झालं एका फोल्डरचं. सगळ्यांसाठी एकदम करायचं तर गूगलच्या ॲडमिन कन्सोलमध्ये ड्राइव्हच्या शेअरिंग सेटिंगमध्ये जाऊन कंपनीबाहेर शेअर करणं बंद करा किंवा फक्त ठरावीक डोमेनना, म्हणजे तुमच्या सीएच्या वगैरे, मोकळं ठेवा. फ्रंट ऑफिससाठी बंद आणि सेल्ससाठी चालू असंही ऑर्गनायझेशनल युनिट, म्हणजे युजरांचे गट, पाडून करता येतं, आणि तसंच करा, कारण सरसकट बंद केलं की सेल्सवाले खासगी जीमेलवरून फाइली पाठवायला लागतात आणि ते जास्त वाईट. मायक्रोसॉफ्टमध्ये हेच शेअरपॉइंट ॲडमिन सेंटरच्या शेअरिंग पॉलिसीत आहे, तिथे 'एनिवन' काढून टाका, डीफॉल्ट लिंक 'स्पेसिफिक पीपल' करा. बाहेरच्याला काही दिवसांसाठीच दाखवायचं असेल तर मुदत टाका.

व्हॉट्सॲप ग्रुपवर पासपोर्टचे फोटो टाकणं बंद. यात मधला मार्ग नाही, तो फोटो प्रत्येकाच्या गॅलरीत जातो आणि तिथून तो काढायची ताकद कुठल्याच ॲडमिनकडे नाही.

कायद्याचंही बघा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायच्यात. डेटा सांभाळायची वाजवी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. सर्ट-इन या सायबर सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचे एप्रिल २०२२ चे निर्देश वेगळेच, ठरावीक प्रकारच्या सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत त्या संस्थेला कळवायच्या आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. पण खरं सांगू, दंडापेक्षा मला हे महत्त्वाचं वाटतं की कुणीतरी परक्या देशातून येऊन विश्वासाने पासपोर्ट आपल्या काउंटरवर ठेवतो.

माणूस सोडून जातो तेव्हा

२०२१ मध्ये अमेरिकेत कलोनियल पाइपलाइनचं पेट्रोल-डिझेल बंद पडलं ते हॅकर ज्यातून शिरले त्या एका व्हीपीएन खात्यामुळे (व्हीपीएन म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायची वाट), जे कुणी वापरतही नव्हतं पण बंदही केलं नव्हतं, आणि त्याला दुसरा पुरावा नव्हता. आपल्याकडे मे महिन्यात सीझनचा स्टाफ गावी जातो, तेव्हा अशी खाती ढिगाने तयार होतात.

क्रम असा ठेवा. आधी साइन-इन बंद: गूगलमध्ये 'सस्पेंड', मायक्रोसॉफ्टमध्ये 'ब्लॉक साइन-इन'. मायक्रोसॉफ्टमध्ये एवढ्यावर थांबू नका, 'साइन आउट ऑफ ऑल सेशन्स' पण दाबा, आणि तरीही आधी मिळालेलं टोकन (एकदा लॉगिन केल्यावर मिळणारा आत राहायचा पास) तासभर चालू राहू शकतं, म्हणून वादावादीने जाणाऱ्याचं खातं तो केबिनमध्ये बसलेला असतानाच बंद करा. मग मोबाइलवरून कंपनीचं खातं काढा. मग त्याच्या फाइली आणि कॅलेंडर दुसऱ्याच्या नावावर करा. खातं लगेच डिलीट करू नका, गूगलमध्ये डिलीट केलेला युजर २० दिवसांत परत आणता येतो, मायक्रोसॉफ्टमध्ये ३० दिवसांत, त्यानंतर विसरा. सस्पेंड खात्याचे पैसे चालूच राहतात हेही लक्षात ठेवा, म्हणजे महिनाभराने निर्णय घ्याच.

आणि क्लाउडबाहेरचं: पोर्टलांचे युजर, व्हॉट्सॲप बिझनेसमधली 'लिंक्ड डिव्हाइसेस'ची यादी, सीसीटीव्ही ॲप, स्टाफ वायफायचा पासवर्ड. हे सगळं ज्याला करायचंय त्याला मुळात कळायला हवं की माणूस जातोय. त्यामुळे एचआर किंवा पगार काढणारा जो कोणी असेल त्याने शेवटचा हिशेब करायच्या आधी आयटीवाल्याची सही घ्यायची, असा नियम करा. एवढ्या एका नियमाने निम्मं काम होतं.

बाहेरची ॲप्स आणि जुने पीसी

कुणीतरी पीडीएफ जोडायचं फुकट ॲप वापरलं, 'अलाव' दाबलं, आणि त्या ॲपला ड्राइव्हमधल्या सगळ्या फाइली वाचायची परवानगी गेली. पासवर्ड बदलला तरी ही परवानगी तशीच राहू शकते. गूगल कन्सोलमध्ये एपीआय कंट्रोल्समध्ये अशा ॲपांची यादी मिळते, अनोळखी ते ब्लॉक करा. मायक्रोसॉफ्टमध्ये खाती आणि लॉगिन सांभाळायचा भाग म्हणजे एंट्रा, त्यात युजरने स्वतः संमती देणं बंद करून ॲडमिनकडे विनंती यावी असं ठेवता येतं.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. रिसेप्शनवर अजून तोच पीसी असेल तर बदला किंवा वाढीव अपडेट घ्या. मायक्रोसॉफ्टचा बिझनेस प्रीमियम प्लान असेल तर कंडिशनल ॲक्सेस मिळतो, त्यात कंपनीने मान्य केलेल्या डिव्हाइसवरूनच हिशेबाच्या फाइली उघडतील असं लावता येतं. आधी 'रिपोर्ट ओन्ली'वर ठेवून आठवडाभर बघा कोण कोण अडकलं असतं, मग चालू करा, आणि एक आणीबाणीचा ॲडमिन आयडी या नियमातून वगळा नाहीतर स्वतःच बाहेर राहाल.

तपासणी कोणी करायची

आयटीवाल्याने नाही. त्याला काय माहीत हाउसकीपिंगच्या सुपरवायझरला कुठली शीट लागते. यादी विभागप्रमुखाच्या हातात द्या, आणि 'याला हा ॲक्सेस हवाय का' असं विचारू नका, त्याचं उत्तर नेहमी 'असू दे' येतं. 'याने गेल्या महिन्यात हे उघडून काय केलं' असं विचारा. उत्तर नसेल तर काढा. काढताना त्याला सांगा की लागलं तर त्याच दिवशी परत मिळेल, आणि ते खरंच त्याच दिवशी द्या, कारण एकदा जरी आठवडा लागला तरी लोक पुन्हा एकमेकांचे पासवर्ड वापरायला लागतात.

अवघड जागा म्हणजे मालकाचा भाऊ, जुना फॅमिली अकाउंटंट, पार्टनरचा मुलगा. इथे मॅनेजरला बोलायला संकोच वाटतो, म्हणून मालकाने स्वतःपासून सुरुवात करावी, स्वतःचा सुपर ॲडमिन अधिकार रोजच्या आयडीवरून काढावा आणि ते सगळ्यांना सांगावं. त्यानंतर बाकीच्यांना सांगणं सोपं जातं. वर्षातून दोनदा तरी करा, एकदा मेअखेर स्टाफ गेल्यावर आणि एकदा चवथीच्या आधी, आणि दोन्ही तारखा मॅनेजरच्या आणि पगार काढणाऱ्याच्या, दोघांच्याही कॅलेंडरवर आत्ताच टाका.